बिऱ्हाडाला जागा देणे आहे

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. नागपंचमी दोन दिवसांवर आली होती. एका हातात पोळीभाजीचा डबा आणि दुसऱ्या हातात तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, अशी मी कॉलेजला निघण्याच्या गडबडीत दाराशी उभी असताना फोन वाजला. पलीकडे आमच्या प्लॉटाला लागून राहणारे गृहस्थ होते.

"बाई, तुमच्या प्लॉटातून आमच्या न्हाणीघरात नाग आलाय. या पावसाळ्यातला हा दुसरा. सर्पमित्राला बोलावलंय, पण तुम्ही आता एकदा काय ते ठरवा."

आमचा जिल्हा सांगली. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीची कीर्ती ऐकून परगावच्या लोकांना वाटते की, आम्हां सांगलीकरांना नागाचे काहीच वाटत नसेल. पण पाटावर काढलेला नाग निराळा आणि शेजाऱ्याच्या बादलीमागे बसलेला निराळा! मी त्यांची क्षमा मागितली, गवत काढून घेते म्हणून सांगितले आणि वर्गावर गेले. तरी त्यांचे शेवटचे शब्द काही कानातून जाईनात. 'काय ते ठरवा.' जे ठरवायचे आम्ही गेली कित्येक वर्षे टाळत होतो, ते एका नागाने ऐरणीवर आणले होते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा प्लॉट असेल. वडिलांनी किंवा सासऱ्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला, गावाच्या कडेला असलेला, आणि 'पुढे बघू' या दोन शब्दांवर पडून राहिलेला. आमच्या बाबांनी तो १९८८ साली घेतला. ते शाळामास्तर. भविष्य निर्वाह निधीतून उचल काढून त्यांनी सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला एका नव्या वसाहतीत तीन गुंठे जागा घेतली. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. १,०८९ चौरस फूट. तीन गुंठ्यांचे ३,२६७. दर रविवारी बाबा आम्हां दोघा भावंडांना सायकलवरून तेथे नेत आणि पावलांनी अंतर मोजून दाखवीत: "ही ओटी. हे माजघर. इथे तुझ्या आईचं स्वयंपाकघर, पूर्वेला खिडकी." आम्ही त्या नसलेल्या खिडकीतून डोकावत असू.

ते घर झाले नाही. दादाचे शिक्षण आले, माझे लग्न आले, आईचे गुडघे आले. २००१ साली बाबांनी शाळेजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि आम्ही गावभागातल्या वाड्यातून तेथे राहायला गेलो. २०११ साली बाबा गेले. आई अजून त्याच फ्लॅटमध्ये आहे. आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. प्लॉट मात्र जसा होता तसाच राहिला.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

'जसा होता तसाच' हे म्हणायचे एवढेच. रिकामी जागा कधीच रिकामी राहत नाही. तुम्ही ती वापरली नाही तर दुसरे कोणीतरी वापरते. आमच्या प्लॉटात प्रथम गाजरगवत राहायला आले. मग कोणाच्या तरी घराच्या दुरुस्तीचा राडारोडा आला. मग एक टेंपो मुक्कामाला येऊ लागला. शेवटी एका बाजूचे तारेचे कुंपण दीड फूट आत सरकलेले दिसले; कुंपणाला पाय फुटतात हे मला तेव्हा कळले! भूमी अभिलेख खात्याकडे पैसे भरून मोजणी आणावी लागली. शिवाय मोकळ्या जागेवरचा महापालिकेचा कर, वर्षातून दोनदा गवत काढण्याची मजुरी, आणि आता हे नागाचे प्रकरण.

म्हणून गणपतीला दादा पुण्याहून आला तेव्हा आरतीनंतर आम्ही बसलो. तेथे पहिलीच गोष्ट कळली ती अशी की, प्लॉट 'आपला' असला तरी कागदावर अजून बाबांचाच होता! बाबांनी मृत्युपत्र केले नव्हते. त्यांनी स्वतः कमावलेली मिळकत, तेव्हा कायद्याने ती आई, दादा आणि मी अशा तिघांची, समान हिश्शांनी. वारसांची नोंद होऊन मालमत्ता पत्रकावर तिघांची नावे लागल्याखेरीज बांधायचे म्हटले तरी परवानगी नाही आणि विकायचे म्हटले तरी गिऱ्हाईक नाही. चौदा वर्षे आम्ही तिघे एका मेलेल्या माणसाच्या नावावर निर्धास्त बसलो होतो. ज्यांच्याकडे असा प्लॉट असेल, त्यांनी बांधायचे की विकायचे याचा विचार करण्यापूर्वी एकदा ते पत्रक काढून पाहावे.

मग मते झाली. दादा म्हणाला, "विकून टाकू. आज चाळीस लाख देणारे आहेत. तिघांत वाटून घेऊ, कटकट संपली." आई म्हणाली, "ह्यांनी घरासाठी घेतलेली जागा आहे; तिथं घरच व्हायला हवं. आपण राहायला जाणार नसलो तर भाड्यानं द्या, पण दिवा लागू दे." माझे यजमान विमा कचेरीत आहेत, ते म्हणाले, "आधी हिशेब मांडू, मग बोलू." आणि मी? मला भीती वाटत होती. ती हिशेबाची नव्हती. मी सत्तावीस वर्षे भाड्याच्या घरात काढलेल्या कुटुंबातली मुलगी. घरमालक होणे म्हणजे काय असते ते मी खालून पाहिले होते.

वाड्यातल्या काकू

बाबांनी १९७४ साली गावभागातल्या एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या. भाडे ४५ रुपये, अनामत १००. वाड्यात आठ बिऱ्हाडे, चौकात एक नळ. वाड्याच्या मालकीणबाई, आमच्या काकू, स्वतः मागच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत राहत. यजमान लवकर गेलेले. पाणी सांडले तर त्या ओरडत, खिळा ठोकला तर ओरडत, आणि कौले गळतात म्हणून कोणी तक्रार केली तर नुसत्या गप्प बसत. आम्ही मुले त्यांना 'कडू कारले' म्हणत असू. एवढा मोठा वाडा, आठ जणांचे भाडे, आणि चार कौले बदलायला ही बाई का कू करते, असे आम्हांला वाटे.

त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला परवा कायद्याची पुस्तके चाळताना लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची टंचाई पडली. भाडेकरूंची लूट होऊ नये म्हणून १९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. त्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. नंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेला तिचे पहिले भाडे लागू. त्या दिवसांत तो कायदा नसता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती, यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे चालला. तांदूळ वाढला, गवंड्याची मजुरी वाढली, भाडे तेथेच. मालकांनी मग भाडेकरू न म्हणता 'परवानाधारक' म्हणून माणसे ठेवण्याची पळवाट काढली. तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक म्हणून राहत होते, त्यांनाही कायद्याने भाडेकरूच ठरवले. तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाच्या मनात एक वाक्य कोरले गेले: 'घर एकदा दिले की गेले.' कुलूप लावून ठेवू, पण भाड्याने देणार नाही, असे म्हणणारे लोक आपल्याला भेटतात, त्यांची भीती तेथून आलेली आहे.

आठ बिऱ्हाडांचे भाडे मिळून काकूंना जे मिळे, त्यातून पालिकेचा कर भरल्यावर कौले बदलण्याएवढे काही उरतच नव्हते. उन्हाळ्यात त्या शेवया आणि कुरडया करून विकीत. त्या कशासाठी ते आता समजते. बाबा आपणहून ४५ चे ६० करून देत. काकू नको म्हणत नसत आणि आभारही मानीत नसत.

२००१ साली आम्ही वाडा सोडला, तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडांनी बाबांना वेड्यात काढले. "मास्तर, फुकट किल्ली देता? मोबदला मागा. सगळे घेतात." बाबांनी किल्ली फुकट दिली. काकू आत गेल्या आणि एक जुनी, तेलकट वही घेऊन आल्या. तीत १९७४ चे पान होते. त्यांनी पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून बाबांच्या हातावर ठेवली. "तुमची अनामत," म्हणाल्या. त्या नोटेत तेव्हा दोन दिवसांची भाजी आली असती. पण बाबा ती नोट शेवटपर्यंत डायरीत जपून होते.

२००५ च्या पुरात वाड्याची मागची भिंत बसली. आज तेथे चार मजली इमारत आहे.

आता कायदा कसा आहे

यजमानांनी माझी भीती ऐकून घेतली आणि म्हणाले, "अगं, तू जुन्या कायद्याला भितेस." ते खरे होते. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या त्या कायद्यातील गोठलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत असा निर्वाळा दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्यापूर्वी विदर्भात, मराठवाड्यात आणि उरलेल्या राज्यात निरनिराळे कायदे होते. ते जाऊन एकच कायदा आला. जुन्या भाड्यांना त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली.

नव्याने घर देणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा तो 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवान्याचा करार. मुदत संपल्यावर परवानाधारक उठला नाही, तर मालकाला वर्षानुवर्षे दिवाणी दावा लढवावा लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट भाडे वसूल करण्याची तरतूद आहे. मात्र हे संरक्षण कागद नीट असेल तरच. 'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' असे अजून कितीतरी सुशिक्षित लोक सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. करार अकरा महिन्यांचा असो वा पाच वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. खोटे असल्यास ते सिद्ध करणे मालकाकडे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामतीवर थोडे, आणि नोंदणीची फी. घरबसल्या संगणकावरही ते काम होते. एवढ्यासाठी लोक पाचशेच्या कागदावर सह्या करून का झोपतात, हे कोडे मला सुटलेले नाही.

तेव्हा भीतीचा एक भाग गेला. उरला हिशेब.

महिन्याला सहाशे चाळीस

यजमानांनी जो हिशेब मांडला तो येथे जसाच्या तसा देते. आकडे आमच्या गावचे आणि आमच्या ठेकेदाराचे आहेत. आपल्या गावचे घालून आपण तो करून पाहावा.

सहाशे चौरस फुटांची दोन बिऱ्हाडे, एकूण बाराशे फूट. ठेकेदाराचा दर फुटाला दोन हजार. म्हणजे चोवीस लाख. भाडे प्रत्येकी आठ हजार, दोन्हींचे सोळा.

प्रथम कर्जाचा विचार. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी चोवीस लाख काढले, तर महिन्याचा हप्ता जवळजवळ २०,८०० रुपये. भाडे सोळा हजार. म्हणजे घर भाड्याने देऊन वर दरमहा पावणेपाच हजार आपण घालायचे, तेही घर एक दिवस रिकामे राहणार नाही असे धरून! 'भाड्यातून हप्ता फिटतो' हे वाक्य कानाला गोड आहे. कागदावर मात्र ते टिकले नाही. कर्ज बाद.

दुसरा मार्ग म्हणजे साठवलेले पैसे. आमच्या दोघांची मिळून तेवढी मुदत ठेव होती. बँक त्या वेळी साडेसहा टक्के देत होती. चोवीस लाखांवर वर्षाला १,५६,००० व्याज. माझ्या उत्पन्नाच्या पायरीने वीस टक्के कर गेला की १,२४,८०० हातात. आता घर. दोन भाडेकरूंच्या मध्ये वर्षात एखादा महिना रिकामा जातोच. म्हणून अकरा महिन्यांचे १,७६,०००. महापालिकेचा कर आठ हजार, डागडुजी बारा हजार, उरले १,५६,०००. म्हणजे व्याजाइतकेच! फरक पडतो तो आयकरात. घरभाड्यातून पालिकेचा कर वजा करून जे उरते, त्यातील तीस टक्के सरकार सरसकट सोडून देते. त्यामुळे कर बसतो तो १,१७,६०० वर. वीस टक्क्यांनी २३,५२०. हातात १,३२,४८०.

"म्हणजे ठेवीपेक्षा वर्षाला ७,६८० रुपये जास्त," यजमान म्हणाले. "महिन्याला सहाशे चाळीस."

"आणि जागेची किंमत धरलीत का?" दादाने फोनवरून विचारले. ती धरली तर चित्र आणखी पालटते. चाळीस लाखांची जागा आणि चोवीस लाखांचे बांधकाम मिळून चौसष्ट लाख. त्यावर उत्पन्न पुरते अडीच टक्केही नाही. जागेचा भाव वाढतो, पण तो रिकाम्या जागेचाही वाढतो. भिंत बांधली म्हणून जास्त वाढत नाही. उलट भिंत जुनी होते. हे खरे की, भाडे दरवर्षी थोडे वाढते आणि ठेवीचे व्याज वाढत नाही. पण ठेव गरज पडली तर मोडता येते. आमची मुलगी अकरावीत. तिच्या पुढच्या शिक्षणाला हेच पैसे होते. "ठेव एका दिवसात मोडते," यजमान म्हणाले. "घराची एक खोली मोडून फी भरता येत नाही."

महिन्याला सहाशे चाळीस रुपयांसाठी कोणाच्या गळक्या नळाचा फोन रात्री दहाला घ्यायचा का, असा प्रश्न होता. आणि तेवढ्यात खड्डा खणला गेला.

आठ फूट काळी माती

बांधायचे नाही असे ठरण्यापूर्वी निदान जमीन तरी पाहू, म्हणून आमच्या ओळखीच्या अभियंत्याने प्लॉटाच्या कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घेतला. आठ फुटांपर्यंत काळी माती, त्याखाली मुरूम. कृष्णाकाठची ही माती उसाला सोन्यासारखी, पण घराला वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया टेकला, तर दोन-चार वर्षांत दाराच्या कोपऱ्यापासून भिंतीवर तिरप्या चिरा जातात, दारे लागेनाशी होतात. इलाज एकच: पाया मातीतून खाली मुरुमापर्यंत न्यायचा, खांब तुळयांनी बांधून घ्यायचे आणि जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरायचा.

दुसरी गोष्ट पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी आमच्या प्लॉटापासून दोन रस्ते अलीकडे थांबले होते. पूररेषेचा नकाशा पाहिला. त्यात निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधायचे नाही. दोन्हींच्या मध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पाण्यापेक्षा वर हवे. आमची जागा लालच्या बाहेर निघाली, पण फार दूर नव्हे. तेव्हा अभियंता म्हणाला, "नियम नसला तरी जोतं तीन फूट घ्या. नदी नकाशा वाचत नाही."

खोल पाया आणि उंच जोते यांचे तीन लाख वाढले. सत्तावीस लाखांवर बँकेचे व्याज, कर जाऊन, १,४०,४०० होते. भाडे मात्र तेवढेच. महिन्याला ६४० मिळणार होते, तेथे आता ६६० जाऊ लागले. यजमानांनी वही मिटली. दादाचे म्हणणे बरोबर ठरले. आई काही बोलली नाही. काकूंसारखी नुसती गप्प बसली.

अकरा तोंडी परीक्षा

प्रकरण तेथेच संपायचे. पण त्याच आठवड्यात माझ्या एम. ए. च्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर मागे राहिली. जत तालुक्यातली, वडील शेतकरी, पाण्याच्या ओढीचा भाग. वसतिगृहात जागा मिळाली नव्हती, मैत्रिणीकडे किती दिवस राहणार, म्हणून ती खोली शोधत होती.

"मिळाली का?" मी विचारले.

"अकरा घरं झाली, बाई. सगळीकडे तोंडी परीक्षा. आडनाव काय, गाव कुठलं, मटण खाता का, रात्री किती वाजता येणार, भेटायला कोण येणार. दोघांनी एकट्या मुलीला देत नाही म्हणून सांगितलं. बाकीचे कळवतो म्हणाले."

ती हसत सांगत होती; मला हसू येईना. कारण आमच्या त्या गणपतीतल्या बैठकीत मीच आईला म्हटले होते, "द्यायचं झालंच तर नवरा-बायको नोकरीवाले बघू. शक्यतो आपल्यातलेच." 'आपल्यातले' या शब्दाचा अर्थ मला कोणी विचारला नव्हता आणि मीही सांगितला नव्हता. पण वर्गात शब्दांचे अर्थ सांगून पोट भरणारी बाई. मला तो ठाऊक नव्हता असे कसे म्हणू?

बाबांना १९७४ साली खोल्या देताना काकूंनी काय विचारले होते, ते मी त्या रात्री आईला विचारले. आई म्हणाली, "मास्तर आहात ना, मग मुलांना शिकवा म्हणाल्या. आमचं आडनाव त्यांना भाड्याच्या पावतीवर लिहिताना कळलं."

वाड्याच्या दारावर तेव्हा पाटी असे: 'बिऱ्हाडाला जागा देणे आहे.' आम्ही स्वतःला बिऱ्हाडकरू म्हणत असू. भाडेकरू हा शब्द कोर्टकचेरीत. भाडेकरू म्हणजे भाडे देणारा. बिऱ्हाडकरू म्हणजे आपल्याकडे संसार मांडणारा. आम्ही इतके दिवस जो हिशेब करीत होतो तो भाडेकरूचा होता. भाड्यापुरतेच पाहायचे असेल तर तो हिशेब अगदी बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर 'बांधू नका' असेच येते. मग बांधायचे असेल तर दुसरे कारण हवे, आणि त्या कारणाची किंमत आपल्याला परवडायला हवी. ती किंमत किती, हे मात्र यजमानांच्या वहीने आम्हांला चोख सांगितले होते. वही नसती तर आम्ही भावनेच्या भरात चोवीस लाखांचे कर्ज काढून मोकळे झालो असतो.

ठरले ते

दिवाळीत दादा आला तेव्हा मी म्हटले, "दोन नको. एकच बिऱ्हाड बांधू. सहाशे फूट, खोल पाया, उंच जोतं. चौदा लाख लागतील. दहा लाख मुलीसाठी बँकेतच राहतील. कर्ज नाही."

यजमानांनी लगेच वही उघडली. एका बिऱ्हाडाच्या हिशेबाने ठेवीपेक्षा महिन्याला सुमारे साडेपाचशे रुपये कमी पडत होते. "तेवढे तर गवत काढण्यात आणि नागाच्या धावपळीत जातातच," ते म्हणाले. खरे तर तेवढे जात नाहीत. पण ते प्रथमच हिशेबात थोडे चुकले आणि मी ती चूक दुरुस्त केली नाही.

दादाने एकच अट घातली, आणि ती शहाणपणाची होती. "बांधकाम तुमच्या पैशानं, जागा तिघांची. आज आपल्यात गोडी आहे. उद्या मुलं भांडतील. सगळं लिहून नोंदवून ठेवू." वकिलाकडून तसा करार करून घेतला. भावाबहिणींत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनी दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्यात एक दिवस काढावा.

वाचकहो, आम्ही केले तेच आपण करावे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्यांना कर्ज काढावे लागते, त्यांनी थांबावे. ज्यांच्या म्हातारपणाची किंवा मुलांच्या शिक्षणाची सगळी पुंजी भिंतीत जाणार असेल, त्यांनीही थांबावे. प्लॉट एका गावी आणि आपण दुसऱ्या गावी असाल, तर दहादा विचार करावा. कारण नळ गळतो तो भाडे पोचते त्या बँकेत नव्हे. विकणे यातही कमीपणा नाही. पण जागा जवळ आहे, थोडा पैसा मोकळा आहे, आणि दुसऱ्याचा संसार आपल्या अंगणात पाहण्याची मनाची तयारी आहे, अशांनी एक लहानसे घर बांधायला हरकत नाही. शहरात येणाऱ्या नव्या माणसाला पहिले छप्पर सरकार देत नाही आणि मोठमोठे बांधकामवालेही देत नाहीत. ते कोणातरी काकूंच्या दोन खोल्यांतच मिळते. आमच्यासारख्या कितीतरी घरांचे संसार तसेच उभे राहिले.

परवानगी मिळायला चार महिने गेले. मार्चमध्ये पाया खणला. पावसापूर्वी जोते झाले. आई काठी टेकत आली आणि बाबांनी पावलांनी मोजलेली पूर्वेची खिडकी कोठे येणार ते तिने गवंड्याला हात करून दाखवले. या दसऱ्याला गिलावा संपला. पूर्णत्वाचा दाखला हातात आला की घर द्यायचे. जतची ती मुलगी केव्हाच एम. ए. होऊन नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. आमचे घर तिच्या उपयोगी पडले नाही, ही खंत आहे.

गेल्या रविवारी यजमानांनी विचारले, "जाहिरात काय द्यायची? तू मराठीची प्राध्यापक, मजकूर तूच लिही."

मी लिहिले: 'बिऱ्हाडाला जागा देणे आहे.'

मुलगी खांद्यावरून वाकून वाचत होती. "आई, बिऱ्हाड म्हणजे काय हे कुणाला कळणार नाही. आणि खाली अटी नाही लिहिल्यास?"

मी थोडा विचार केला आणि खाली एक ओळ घातली: 'करार नोंदवला जाईल.' मग पेन बंद केले.